शूरा नावाची बाई

शुक्रवारचं बयान बुधवारीच द्यावं लागे फोंड्याच्या कचेरीत,
तीन प्रती, पोर्तुगीजमध्ये, खाली सही.
लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा शिक्का लागायचा तेव्हा,
अल्लाच्या घरातलं बोलणं कसं सुटणार.
अब्बा उर्दूत लिहीत. कुवेलकर प्रोकुरादोर ते उतरवून देत
दोन नारळांच्या बदल्यात,
आणि दर वेळी म्हणत, आगासाहेब, एवढं एक वाक्य गाळू या?
अब्बा म्हणत, तेच तर वाक्य आहे. बाकी सगळी प्रस्तावना.

वाक्य साधं होतं:
मोमिनांचा कारभार आपसांतल्या शूरानं चालतो.
शूरा म्हणजे मसलत. विचारून, बसवून, ऐकून घेऊन.
कुवेलकरांना नेमका पोर्तुगीज शब्द ठाऊक होता,
पण तो लिहिला असता तर दोघेही आग्वादला.
म्हणून त्यांनी शूरा तसाच ठेवला,
फक्त पहिलं अक्षर मोठं काढलं, अदबीनं.

कागद परत आला. वाक्यावर निळी पेन्सिल.
समासात प्रश्न: ही कोण? राहते कुठे?

आणि खरोखर आले दोन शिपाई,
एक पाखलो, एक काणकोणचा,
शापूरच्या दारोदार विचारत,
जिच्या सांगण्यावरून मुसलमान कारभार चालवतात
ती बाई कुठाय?
कासमची आजी म्हणाली, काल साखळीला गेली.
बेपारी म्हणाला, ती होय, तिला तर बेळगावला दिली.
महिनाभर आळी हसत होती, तोंडावर हात धरून.
मग एका रात्री अब्बांना नेलं.
हसणं कुठल्या कलमात बसतं ते कुणी सांगितलं नाही.

अकरा महिने.
परतले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती
आणि पाळण्यात मी, अजून बिननावाची.
वाकून पाहिलं म्हणे, आणि म्हणाले,
सापडली. हीच ती.

मी सात वर्षांची असताना पाखले गेले.
तळीच्या पायऱ्यांवर पुरुष रात्रभर मोठ्यानं बोलत बसले,
विषय काहीच नव्हता,
मोठ्यानं बोलता येत होतं, एवढंच.
नवव्या वर्षी मशिदीच्या कमिटीची पहिली निवडणूक.
पिढीजात मुतवल्लींना उठवायला अब्बांनी अर्धं आयुष्य घातलं होतं.
मतं चिंचोक्यांची. बिस्किटांचा डबा माझ्या मांडीवर.
एकशे बारा चिंचोके मोजले मी, दोनदा.
अम्मीचा त्यात नव्हता. खालाचा नव्हता.
कासमच्या आजीचाही नाही,
जिनं शिपायांना साखळीपर्यंत पळवलं होतं.
मी विचारलं. अब्बा म्हणाले, हळूहळू, बेटा.
कचेरीतला साहेबही त्यांना हेच सांगत असेल,
मला वाटलं, फक्त पोर्तुगीजमध्ये.

एकोणिसाव्या वर्षी आमच्या ओसरीवर सात माणसं बसली.
विचारून, बसवून, ऐकून घेऊन
माझं लग्न वास्कोच्या बंदरावरल्या कारकुनाशी ठरलं.
मसलत छान झाली. चहा मी नेला.
नवरा चांगला निघाला, तो मुद्दा नाही.

अब्बांवर पुरता राग धरवत नाही.
वुजू करताना ती दोन बोटं उघडीच राहायची,
ओंजळ भरायच्या आत पाणी निसटायचं,
आणि ते पुन्हा वाकायचे, न चिडता.

नवरा गेल्यावर शापूरला परत आले. यंदा ट्रंक उपसली.
ती प्रत निघाली, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.
रेघ ओढणाऱ्याचं राज्य गेलं,
रेघ शाबूत.
नातीनं शिसपेन्सिल दिली.
समासात उरलेल्या जागेत लिहिलं,
मराठीत, कारण शाळा मला तीच मिळाली:

शूरा मुनीरुद्दीन आगा.
शापूर, तळीच्या वरच्या अंगाला,
चिऱ्यांच्या पायऱ्या चढून फणसासमोरचं दार.
दुपारी चारनंतर घरीच असते.
विचारायला या.